सामानापाशी बसलेला स्काऊट

आमच्या बिल्डिंगमध्ये कामाला येणाऱ्या मावशींचा नातू जवळच्याच एका शाळेत सहावीत आहे. 2024 च्या पावसाळ्यात तो एकदा स्काऊटच्या गणवेशात जिन्यात उभा दिसला. खांद्यावर पट्ट्या, दोन खिसे, एकदम रुबाबात! माझ्यातला जुना स्काऊट मास्तर लगेच जागा झाला. म्हटलं, "अरे वा, स्काऊट झालास की! रीफ नॉट मारून दाखव बघू." तो माझ्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, "आजोबा, आम्हाला फक्त गणवेश आहे."

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. 2024-25 या वर्षी 'एक राज्य, एक गणवेश' अशी योजना आपल्याकडे आली. सरकारी शाळांतल्या मुलांना दोन गणवेश, त्यातला एक नेहमीचा आणि दुसरा स्काऊट-गाईडला साजेसा. कपडे वेळेवर न मिळाल्याच्या आणि मापाच्या बऱ्याच तक्रारी झाल्या, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात गणवेशाचे अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे गेले. त्या वादात मला पडायचं नाही. पण त्या पोराचं वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. कारण खरं सांगायचं तर आमच्या वेळी गणवेशाबरोबर स्काऊटिंगही होतं, पण तेही एकाच मापाचं होतं. आणि ते माप मी स्वतः हातात धरून बसलो होतो.

मी अंबरनाथला पस्तीस वर्षं मास्तरकी केली, त्यातली वीसेक वर्षं स्काऊट पथक चालवलं. आता बदलापूरला असतो. आमच्या शाळेत मुलं तरी किती तऱ्हांची होती! ऑर्डनन्स फॅक्टरीतल्या कामगारांची, एमआयडीसीतल्या कंत्राटी मजुरांची, उल्हासनगरहून येणारी सिंधी मुलं, बदलापूरच्या पलीकडच्या वाड्यांवरची ठाकूर-कातकरी मुलं. आणि कसोट्या मात्र सगळ्यांना त्याच. प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान, मग राज्य पुरस्कार. इतक्या गाठी, इतके किलोमीटर चाल, इतक्या पानांची वही. बसला तर बसला, नाही तर पोरगा गळला. "त्याला आवड नव्हती" असं आम्ही म्हणायचो. सोपं असतं ते म्हणणं.

एक गोष्ट सांगतो, जी मी घरीही फारशी सांगितलेली नाही.

1984 ची असेल. माझ्या पथकात पोलिओने एक पाय अधू झालेला मुलगा होता. कुबडी घेऊन चालायचा. (आजच्या तरुण वाचकांना पोलिओ म्हणजे दोन थेंबांची जाहिरात एवढंच ठाऊक असेल. आपल्या देशातला शेवटचा रुग्ण 2011 च्या जानेवारीत सापडला आणि 2014 साली आपण पोलिओमुक्त ठरलो. पण आमच्या वेळी वर्गावर्गात असा एखादा मुलगा असायचाच.) आम्ही कोंडेश्वरच्या बाजूला तीन दिवसांचं शिबिर काढलं. त्याने नाव दिलं. मला खरोखर आनंद झाला, कारण एरवी असली मुलं मागे राहायची. मी विचार केला, याला डोंगर चढवत नाही, ओढ्यात उतरवत नाही, याचे हाल नकोत. म्हणून त्याला सामानाचा प्रमुख केलं. बाकीची मुलं पहाटे हाईकला गेली की हा गावच्या शाळेच्या ओसरीवर चाळीस पिशव्यांच्या पहाऱ्यावर. तिन्ही दिवस! शेवटच्या रात्री शेकोटीपुढे मी त्याला उभं करून सांगितलं, की असा प्रामाणिक राखणदार आपल्या पथकाला लाभला. मुलांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

पुढच्या शनिवारी तो स्टाफरूममध्ये आला आणि इस्त्री करून घडी घातलेला स्कार्फ माझ्या टेबलावर ठेवून गेला. काही बोलला नाही. मीही विचारलं नाही. परिस्थिती बेताची असेल, घरून नको म्हटलं असेल, अशी मी माझीच समजूत काढली.

ही गोष्ट मला उलगडली ती 2022 साली, म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षांनी. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाची सहल कार्ल्याला एकवीरेच्या दर्शनाला गेली होती. माझे गुडघे आता पायऱ्या चढू देत नाहीत. मंडळी म्हणाली, "सर, तुम्ही आरामात खालीच बसा, आमच्या पिशव्या आणि चपलांवर लक्ष ठेवा." सगळे प्रेमानेच म्हणाले हो! दोन-अडीच तास मी त्या चपलांच्या ढिगापाशी बसलो होतो. वरून उतरणाऱ्या माणसांचे चेहरे बघत. आणि तेव्हा तो इस्त्रीचा स्कार्फ आठवला.

त्याला काय काय करता आलं असतं, हे मला आता लख्ख दिसतं. कुबडीमुळे त्याचे दंड आणि पंजे पथकात सगळ्यांत मजबूत होते. बांबू आणि दोरांचे पूल बांधताना क्लोव्ह हिच आवळायला आमची दोन-दोन मुलं लागायची, तो एकट्याने आवळू शकला असता. नकाशा आणि होकायंत्र त्याच्या हातात देऊन संघनायक करता आलं असतं. अर्धा रस्ता बैलगाडीने नेऊन शेवटचा टप्पा त्याच्या चालीने सगळ्यांनी मिळून चालता आला असता. पण यातलं काही सुचण्याआधी एक साधी गोष्ट करायची होती. त्याला विचारायचं होतं, "बाबा रे, तुला काय करावंसं वाटतं?" तेवढंच मी केलं नाही. दया मात्र केली.

स्काऊटमध्ये रोज एक तरी सत्कृत्य करायचं असतं, हे तुम्हाला माहीत असेल. मला वाटतं, आपली सगळ्यांत मोठी चूक इथे होते. अधू मूल, गरीब मूल, मागे पडणारं मूल हे बाकीच्यांच्या सत्कृत्यासाठी ठेवलेलं असतं. त्याचं दप्तर उचलायचं, त्याला रस्ता ओलांडून द्यायचा आणि संध्याकाळी वहीत लिहायचं. ज्याच्यावर सगळे उपकार करतात त्याला स्वतः उपकार करायची पाळी येतच नाही. तो स्काऊट होत नाही, तो इतरांच्या स्काऊटिंगचं साहित्य होतो.

याच्या उलटं उदाहरण मला पुढे मिळालं, तेही वांगणीचं. बदलापूरच्या पुढचं स्टेशन वांगणी. तिथे अंध माणसांची बरीच कुटुंबं राहतात, लोकलमध्ये बारीकसारीक वस्तू विकून पोट भरतात. 2021 च्या एप्रिलमध्ये वांगणी स्टेशनात एका अंध आईचा लहान मुलगा रुळांवर पडला आणि पॉइंट्समन मयूर शेळके यांनी धावत येणाऱ्या गाडीपुढून त्याला उचलला, ते दृश्य तुम्हीही पाहिलं असेल. त्याच्या कितीतरी आधी माझ्याकडे तिथलाच एक मुलगा होता. स्वतः डोळस, आईवडील दोघेही अंध. हा शाळेत रोज उशिरा यायचा आणि सत्कृत्याची वही कोरी ठेवायचा. एकदा मी रागावलो. म्हटलं, "महिनाभरात एकही चांगलं काम केलं नाहीस?" तो म्हणाला, "नाही सर." मग कधीतरी कळलं, की तो रोज सकाळी आईवडिलांना गाडीत बसवून मग शाळेत येतो. मी म्हटलं, "अरे, हे का नाही लिहिलंस?" तर म्हणे, "ते तर रोजचंच आहे ना सर."

काय बोलणार यावर! गर्दीच्या फलाटावर अंध माणसाला आपला कोपर धरायला द्यायचा, ओढायचं नाही, पायरी आली की आधी सांगायचं, गाडी आणि फलाट यांमधली फट सांगायची, हे सगळं त्या दहा-अकरा वर्षांच्या पोराने मला शिकवलं. पुढे मी त्यालाच पथकाला हे शिकवायला लावलं. तो तास माझ्या कुठल्याही तासापेक्षा बरा झाला.

तर सांगायचा मुद्दा असा, की कार्यक्रम मुलाला बसवून घ्यायचा, मुलाला कार्यक्रमात कोंबायचं नाही. हे बोलायला सोपं आहे. करायला गेलं की लगेच एक आक्षेप येतो, आणि तो खोटा नाही. आमचेच एक जुने सहकारी म्हणायचे, "प्रत्येकासाठी नियम वाकवायला लागलो तर राष्ट्रपती पुरस्काराला अर्थ काय उरला?" मीही तेव्हा त्यांच्याच बाजूचा होतो. पण इतिहास पाहिला तर या चळवळीत 'मूळ स्वरूप' नावाची गोष्ट फारशी टिकलेलीच नाही. 1907 च्या ऑगस्टमध्ये बेडन पॉवेल यांनी ब्राउनसी बेटावर पहिलं शिबिर घेतलं, त्यात वीस-बावीसच मुलं होती, आणि ती मुद्दाम दोन थरांतली घेतली होती, काही बड्या घरची तर काही कामकरी घरची. आपल्याकडे तर सुरुवातीला हिंदी मुलांना स्काऊटमध्ये घेतच नसत. मग ॲनी बेझंट बाईंनी 1916 साली मद्रासेत आपली वेगळी संघटना काढली. त्यांच्या स्काऊटांच्या डोक्यावर साहेबी टोपीऐवजी फेटा असे आणि गाणी हिंदुस्थानी. उत्तरेत मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू, श्रीराम वाजपेयी यांनी सेवा समितीचे स्काऊट उभे केले. हे सगळे प्रवाह एकत्र येऊन 1950 च्या नोव्हेंबरात आजची भारत स्काऊट्स आणि गाईड्स संघटना झाली. म्हणजे टोपी बदलली, गाणी बदलली, दारही उघडावं लागलं, आणि तरी स्काऊटिंग शिल्लक राहिलं.

एवढंच कशाला, आपल्या वचनातच बदलाला जागा ठेवलेली आहे. ईश्वराविषयीचं कर्तव्य असं जिथे म्हणायचं, तिथे कुणाला हवं असेल तर 'धर्म' हा शब्द घ्यायची मुभा आहे. जिथे ईश्वराच्या जागी दुसरा शब्द चालतो, तिथे दहा किलोमीटरच्या जागी दुसरं काही का चालू नये? आणि वचन मागतं काय, तर होईल तेवढा प्रयत्न. कुणाला होईल तेवढा? ज्याने वचन दिलं त्याला. शेजारच्याला नव्हे!

मात्र एक मर्यादा मी मानतो. प्रथमोपचार चुकता कामा नये. वाहणारं रक्त थांबवायची पट्टी ढिली बांधून "त्याच्या परीने चांगलं केलं" असं म्हणता येणार नाही, जखमेला त्याचं काय! ज्याच्या हातात ते बळ नाही त्याने दुसऱ्याकडून बिनचूक करून घ्यायला शिकावं, तेही कसबच आहे. कष्ट कमी करायचे नाहीत, वाट बदलायची, असा माझा हिशोब आहे. आणि बऱ्याचदा तर वाट बदलल्यावर काम अवघडच होतं. किम्स गेम घ्या. वीस-चोवीस वस्तू मिनिटभर बघायच्या, झाकायच्या आणि आठवून लिहायच्या. तोच खेळ फडक्याखाली हात घालून, नुसत्या स्पर्शाने खेळून बघा. आम्ही एकदा खेळलो तेव्हा चष्मेवाले हुशार विद्यार्थी सहा-सात वस्तूंवर अडकले होते. अंध मूल तिथे पहिलं येईल. गाठींचंही तेच. रीफ नॉट, शीट बेंड, बोलाईन ही बोटांची विद्या आहे, डोळ्यांची नाही. अंधारात तंबूचा दोर सुटला तर बॅटरी कुठे शोधत बसणार? ऐकू न येणाऱ्या मुलासाठी शिट्टीऐवजी हाताचे इशारे हवेत, तर ते स्काऊटच्या पुस्तकात पहिल्यापासून आहेतच. पण हाताचा इशारा दिसायला मुलाने समोर बघावं लागतं आणि मास्तरांनी आधी हातातली शिट्टी खिशात घालावी लागते. आम्हा मास्तरांना शिट्टी फार प्रिय!

अपंगत्वाचंच बोलतोय असं नका समजू. 2016 च्या कायद्यात अपंगत्वाचे एकवीस प्रकार मोजले आहेत, पण आमच्या भागात बाविसावा, तेविसावाही निघेल.

कातकरी मुलांचं बघा. दिवाळी झाली की त्यांचे आईबाप वीटभट्ट्यांवर जातात, पोरंही बरोबर जातात, ती परततात पावसाच्या तोंडावर. आणि आमची शिबिरं, कसोट्या, मेळावे कधी? डिसेंबर-जानेवारीत, हवा छान असते म्हणून. म्हणजे ज्या मुलांना रानाची खरी माहिती, ती रानातल्या शिबिराला नेमकी गैरहजर. एका वर्षी एका पोराचा बाप भट्टीवर गेला नाही म्हणून तो हाईकला आला. आम्ही आदल्या दिवशी खडूचे बाण आणि दगडांच्या खुणा करून ठेवल्या होत्या. हा त्या सोडून भलतीकडेच बघत चाललेला. विचारलं तर म्हणाला, "सर, डुक्कर गेलंय इथनं. रातच्याला." बाकीची मुलं आमच्या खडूचे बाण शोधत होती आणि हा खरा माग वाचत होता! दोन काड्यांत चूल पेटवायच्या कसोटीला (आमच्या अंबरनाथला एके काळी विमकोचा काडेपेट्यांचा कारखाना होता, त्यामुळे काड्यांची वाण नव्हती) त्याने एकच काडी वापरली. पण वही अपुरी, शुद्धलेखन गेलेलं. परीक्षकांनी त्याला पुढच्या सोपानाला पाठवलं नाही. मी भांडलो नाही, त्याची खंत आहे. तोंडी उत्तर घ्यायला काय हरकत होती? स्काऊट म्हणजे काय वही आहे?

उल्हासनगरची गोष्ट आणखी निराळी. तिथे 'कॅम्प' म्हणजे पत्ता. कॅम्प एक ते कॅम्प पाच. लढाईच्या वेळच्या लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आणून ठेवले, आणि 1949 च्या ऑगस्टमध्ये राजगोपालाचारींच्या हस्ते त्या छावणीचं उल्हासनगर झालं. एका सिंधी मुलाला मी उत्साहाने म्हणालो, "कॅम्पला येणार ना?" तो हसून म्हणाला, "सर, हम तो कँप में ही रहते हैं!" मला तेव्हा गंमत वाटली. आता वाटतं, त्याच्या आजीला शेकोटीपुढे बोलवायला हवं होतं. बराकीत पडदे लावून चार-चार कुटुंबांचा संसार करणाऱ्या बाईने तंबूतल्या राहणीवर दोन गोष्टी सांगितल्या असत्या, त्या आमच्या पुस्तकात नव्हत्या.

आणि 'खरी कमाई'? हा आपल्या सगळ्या शाळांचा आवडता कार्यक्रम. मुलांनी भेळ, वडापाव, सरबत विकायचं, घरचेच लोक येऊन विकत घेणार, फोटो निघणार. माझ्या पथकात एक मुलगा होता, त्याच्या घरी जीन्सच्या पँटींचे धागे कापायचं काम चाले. संध्याकाळी हाही कात्री घेऊन बसायचा. त्या दिवशी तो स्टॉलवर आलाच नाही. दुसऱ्या दिवशी मी कार्डावर किती रक्कम लिहू विचारलं तर त्याने आदल्या रात्रीचा घरचा हिशोब सांगितला. आता काय करायचं? ती लिहावी तर बालमजुरीवर मास्तरांची सही. न लिहावी तर वर्गात एकट्याचीच खरी कमाई आणि त्याचंच कार्ड कोरं. मी लिहिली. बरोबर केलं की चूक, अजून ठरत नाही. पण पुढच्या वर्षीपासून मी मुलांना स्टॉल लावायला सांगणं बंद केलं आणि ज्याच्या घरी जे काम चालतं ते समजून घेऊन त्याचा हिशोब वर्गात मांडायला सांगितलं, दर काय, दलाल किती घेतो, हाती काय उरतं. पुस्तकी मुलांना ते जड गेलं. याला मात्र सगळं तोंडपाठ.

'तयार' हे स्काऊटचं ब्रीद. आमच्या भागात या शब्दाला वजन आहे. 26 जुलै 2005 चा पूर इथल्या कुणीच विसरलेलं नाही. 27 जुलै 2019 ला महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मधे उल्हास नदीच्या पुरात अडकली, हजारावर माणसं आत. एनडीआरएफ आली, नौदल आलं, आणि आजूबाजूच्या गावांतली माणसंही मदतीला धावली. पाणी कुठून चढतं, ओढ कुठे आहे, बांध कुठे दबलाय हे त्या गावच्या पोरांना कुणी सोपान चढवून शिकवलेलं नसतं. असो. पण त्या पोरांच्या शर्टावर एखादा बिल्ला लागला असता तर काय बिघडलं असतं, एवढंच माझं म्हणणं.

तर आता सध्याचं. जिन्यातल्या त्या पोरामुळे मी त्याच्या शाळेत जाऊन आलो. तिथल्या बाई उत्साही आहेत, पण एकट्या आहेत. आमचं असं ठरलंय, की दिवाळीनंतर नाही, भाद्रपदातच एक दिवसाची सहल काढायची, म्हणजे वाडीवरची मुलंही असतील. चाल किती, हे तिथे पोचल्यावर संघ आपापलं ठरवेल. एक मुलगा मोठा आवाज झाला की कान झाकून कोपऱ्यात बसतो, त्याच्यासाठी बाईंनी दिवसभराचं वेळापत्रक चित्रं काढून तयार केलंय, कधी गोंगाट आणि कधी शांतता हे त्याला आधी दिसावं म्हणून. तो तेवढ्यावर यायला कबूल झालाय. सामान ज्याचं त्याने पाठीवर घ्यायचं, पहाऱ्याला कुणी बसणार नाही. मी रिक्षाने पुढे जाऊन बसणार आणि गाठी शिकवणार.

अडचण फक्त स्कार्फची आहे. पूर्ण गणवेश सगळ्यांना जमणार नाही, पण गळ्यात स्कार्फ आला की मूल ताठ उभं राहतं, हा माझा अनुभव. बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरच्या माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनो, माळ्यावरच्या ट्रंकेत एखादा पडून असेल तर टाकू नका, ठेवून द्या, मी कुणाला तरी घ्यायला पाठवतो. धुतलेला नसला तरी चालेल. इस्त्री तर अजिबात नको.